कॅक्टसचा शेंडा पंख्यासारखा पसरलाय: क्रेस्टेड, मॉन्स्ट्रोज आणि इतर विचित्र वाढ

गच्चीवरची_टिळकवाडी
नमस्कार मंडळी. गच्चीवर मोठ्या कुंडीत उभा वाढणारा सेरियस आहे. तीन फांद्या. त्यातल्या एकीचा शेंडा पावसाळा संपल्यापासून गोल राहायचं सोडून आडवा पसरायला लागलाय. आता पंजाएवढा रुंद झालाय, वरची कड नागमोडी, आणि त्या कडेवर बारीक काट्यांची सलग ओळ. बाकीच्या दोन फांद्या अगदी सरळ. खत, पाणी, ऊन तिघींना सारखंच.
हा रोग आहे का? शेजारच्या कुंड्यांना लागेल का? कापू की राहू दे?
शिवाय शेजारच्या आज्जी गोकाकच्या, त्या म्हणतात पापासकळ्ळी (कानडीत निवडुंग) घरावर ठेवू नये, आणि असली वेडीवाकडी तर नकोच नको. आमच्या सासूबाईंनी मान डोलावली आहे. त्यांना काय सांगू तेही सुचवा.

वडगावचा_माळी
फोटो टाका की ओ ताई. वर्णनावरून क्रेस्ट, म्हणजे पंख्यासारखी पसरलेली वाढ वाटतेय, पण फोटो बघितल्याशिवाय बोलायचं नाही. वरून एक आणि कडेनं एक काढा.

गच्चीवरची_टिळकवाडी
टाकले. दुसऱ्यात सासूबाईंचा हात आहे, तो मापासाठी.

वडगावचा_माळी
क्रेस्टच आहे. अजिबात कापू नका! नर्सरीत असला तुकडा बघायला मिळाला तर लोक भाव विचारत उभे राहतात.

चिकोडीचा_अण्णा
भाव ऱ्हाऊ दे, आधी रोग नव्हं ना ते बघा. आमच्याकडं गेल्या साली शेजारच्या उसात टू-फोर-डी मारलं. वारं आमच्या बाजूला. चार दिवसांत गुलाबाची पानं दोरीगत वळली, दारातल्या द्राक्षाच्या वेलाचं पान पंख्यागत झालं, आणि कुंडीतल्या दोन कॅक्टसचं शेंडं वाकडं. घरातली पोरं म्हणाली अण्णा, रेअर व्हरायटी आली! कशाची रेअर. पुढची वाढ निघाली ती सरळच निघाली, वाकडा भाग तेवढा मधी राहिला. तर ताई, तुमच्या आसपास कुणी तणनाशक मारलंय का?

गच्चीवरची_टिळकवाडी
अण्णा, टिळकवाडीत ऊस कुठला. आणि मारलं असतं तर तिन्ही फांद्या वाकड्या झाल्या असत्या ना?

चिकोडीचा_अण्णा
ते बी खरं.

परागकण
अण्णांनी काढलेला मुद्दा फार कामाचा आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो. (कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो, त्यामुळे लांबण लागेल. कंटाळा आला तर खाली सरका.)

टू-फोर-डी हे ऑक्झिन या वनस्पती-संप्रेरकाची नक्कल करणारं रसायन. रुंद पानाच्या झाडात ते गेलं की वाढीचा हिशेब बिघडतो. द्राक्ष, कापूस, टोमॅटो याला फार हळवे. पण औषधाचा असर ओसरला की शेंडा पुन्हा पूर्वीसारखा चालू लागतो. लाल कोळीनं शेंडा खाल्ला, थंडीनं पोळला, तरी असंच: काही काळ वेडंवाकडं, मग पूर्ववत. हे सगळं विद्रूपीकरण. खरा क्रेस्ट वेगळा. तो हंगामामागून हंगाम तसाच वाढत राहतो, आणि त्याचा तुकडा कापून दुसरीकडे लावला तरी तिथंही तसाच वाढतो. ओळखायची खूण हीच.

आता आत काय होतं ते. कोणत्याही फांदीच्या टोकाला सतत विभागणाऱ्या पेशींचा एक बारीकसा पुंजका असतो. नेहमीच्या कॅक्टसमध्ये तो एक बिंदू. त्या बिंदूभोवती शिरा, म्हणजे अंगावरच्या उभ्या धारा, गोलाकार रचल्या जातात आणि खांब वर जातो. क्रेस्टेड झाडात तो बिंदू ताणला जाऊन रेष होते. एकटा माणूस वाट काढत पुढे जाण्याऐवजी खांद्याला खांदा लावून अख्खी रांग पुढे सरकावी, तसं. रांग लांबत जाते, खालचा भाग तितका रुंद होत नाही, मग जागा पुरत नाही म्हणून कड नागमोडी होते आणि शेवटी घड्यांवर घड्या पडतात. मॅमिलेरिया इलाँगाटाचा क्रेस्ट पाहिला असेल, त्याला बाजारात ब्रेन कॅक्टस म्हणतात.

मॉन्स्ट्रोज हा दुसरा प्रकार. तिथं रेष नसते. एका शेंड्याची सत्ता संपते आणि जिकडेतिकडे नवे वाढबिंदू उठतात. शिरा तुटक, काट्यांच्या गाद्या कुठेही, अंगभर गाठी. आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारा म्हणजे सेरियसचा मॉन्स्ट्रोज, खडकासारखा दिसतो तो. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातला टोटेम पोलही यातलाच. लोफोसिरियस शॉटीचं हे रूप तिथं निसर्गातच सापडलं, त्याला काटे जवळजवळ नाहीत, आणि जगभरातली त्याची झाडं कांड्या लावूनच वाढवलेली आहेत.

का होतं, याला एकच उत्तर नाही. शेंड्याला इजा, किडीचा चावा, थंडीचा तडाखा, पेशीतला जनुकीय बदल, ही सगळी कारणं नोंदलेली आहेत. गोडा वाटाणा, पेलार्गोनियम, शेवंती अशा झाडांत ऱ्होडोकॉकस फॅसिएन्स नावाच्या जिवाणूमुळे फुटव्यांचा गुच्छ होतो. म्हणून रोगाची शंका रास्त. पण कुंडीतल्या कॅक्टसचा क्रेस्ट शेजारच्या कुंडीला लागत नाही. कलम केलं तरी खालचा खुंट जसाच्या तसा राहतो. तेव्हा ताई, निर्धास्त राहा.

हिरवळ
छान लिहिलंय सर. पण मग बी पेरलं तर? क्रेस्टेडच्या बियांतून क्रेस्टेडच येईल ना?

परागकण
कॅक्टसमध्ये बहुतेक वेळा नाही, रोपं साधीच निघतात. पण असं रूप आनुवंशिक असूच शकत नाही, असं मात्र नाही. मेंडेलनं १८६६ साली छापलेल्या निबंधातले वाटाण्याचे सात गुण आठवा. त्यातला एक होता फुलं खोडाच्या कडेला की टोकाला. ते टोकाला फुलं येणारं रूप म्हणजे खोड पसरट होण्याचाच प्रकार, आणि ते पिढ्यान्पिढ्या हिशेबात उतरलं. मोठे, खाचाखाचांचे बीफस्टेक टोमॅटो असतात ना, तेही वाढबिंदूचा आकार आवरणाऱ्या जनुकातल्या बदलामुळेच तसे होतात.

आणि सगळ्यात जवळचं उदाहरण तुमच्या अंगणात आहे: लाल कोंबडा. त्या फुलाचा मखमली तुरा म्हणजे पसरट झालेला फुलोराच. बी टाकलं की पुढच्या साली पुन्हा तुरा.

गच्चीवरची_टिळकवाडी
सर, हे फार बरं झालं. सासूबाईंच्या तुळशीकट्ट्याशेजारी कोंबडाच आहे! त्यांना म्हटलं, हा आणि तो एकाच जातकुळीचा बिघाड. त्या म्हणाल्या, कोंबड्याला काटे नाहीत. पुढं काय बोलणार.

वडगावचा_माळी
सासूबाईंपुढं वनस्पतिशास्त्र चालत नाही ओ. कुंडी गच्चीच्या दक्षिण कोपऱ्यात सरकवा, ऊनही चांगलं मिळेल आणि वास्तूवालेही गप्प.

कडोलीकर
कळ्ळीचा विषय निघालाच आहे म्हणून जरा आडवाटेनं जातो. आमच्या लहानपणी शेताच्या बांधाला फड्या निवडुंग असायचा, लाल बोंडं खाऊन जीभ रंगवायची. आजोबा सांगायचे की त्यांच्या तरुणपणी याहून कितीतरी जास्त होता, रानंच्या रानं भरलेली. मग कीड पडली आणि वितळला.

त्या किडीची गोष्ट वाचण्यासारखी आहे. निवडुंग मुळात अमेरिकेतला. ईस्ट इंडिया कंपनीला किरमिजी रंगासाठी कोचिनिल किडा हवा होता. १७९५ साली बंगालात किडा आणला तो भलत्याच जातीचा निघाला. रंग हलका, पण त्यानं ओपन्शिया मोनाकँथा जातीचा निवडुंग फस्त केला. पुढे एकोणिसाव्या शतकात दक्षिणेत तोच किडा मुद्दाम सोडला गेला, तण मारायला किडा वापरण्याचा जगातला पहिला प्रयोग म्हणून तो सांगितला जातो. उरलेल्या दुसऱ्या जातीच्या निवडुंगासाठी १९२६ मध्ये आणखी एक कोचिनिल किडा आणला, त्यानं दख्खन बरीच मोकळी केली.

हे इथं का सांगतोय? तर त्याच मोनाकँथाचं एक बुटकं रूप आज कुंडीत विकतात. मॉन्स्ट्रोजही आणि पांढऱ्या-गुलाबी शिंतोड्यांचंही, दोन्ही एकात. ज्याला मारायला किडे सोडले, त्याच्या कुंडीला आता पैसे मोजायचे.

निपाणीची_माई
कडोलीकर भाऊ, वाचून आजोळ आठवलं. तो किडा चिरडला की बोट लाल होतं, आम्ही कुंकू कुंकू खेळायचो.
माझा प्रश्न: क्रेस्टच्या घड्यांत पांढरा कापूस दिसतोय. तंबाखूचा काढा मारू का? आमच्या गावात तंबाखूला काय तोटा.

कडोलीकर
माई, तुमच्या खेळातच उत्तर आहे. कापूस काडीनं खरवडा आणि चिरडा. गडद लाल निघालं तर कोचिनिल. तो निवडुंगाच्या फडांवर जास्त. नुसता पिवळसर चिकट निघाला तर पिठ्या ढेकूण.

वडगावचा_माळी
माई, तंबाखूचा काढा नको. निकोटीन किड्याला मारतं तसं माणसालाही बाधतं, कातडीतून आत जातं. आमच्याकडे काढा मारणाऱ्या एका पोराला चक्कर येऊन उलट्या झाल्या होत्या. कापसाच्या काडीला सर्जिकल स्पिरिट लावून घडीघडीतून फिरवा, संध्याकाळी. आठवड्यानं पुन्हा, कारण अंडी राहतात. कडुलिंबाचं तेल पांढरी भुकटी असलेल्या झाडांवर घालू नका, भुकटी जाते आणि वर ऊन पडलं की डाग पडतात.

क्रेस्टेड झाडाचं दुखणं हेच आहे. घड्या म्हणजे किड्यांची चाळ. वर पावसाचं पाणी साचतं ते वेगळं.

जांबोटी_पाऊस
पाणी साचायचं बोलूच नका. आमच्याकडे पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, तिथं कॅक्टस काय वाळणार. अथणीकडचे लोक उघड्यावर ठेवतात आणि फोटो टाकतात, ते बघून आम्ही पण ठेवतो आणि ऑगस्टपर्यंत सगळं लगदा.

अथणीचं_ऊन
आमच्याकडे उलटं. पाऊस कमी, पण मार्च-एप्रिलचं ऊन असं की व्हेरिगेटेड, म्हणजे दुरंगी झाडं भाजून निघतात. पांढऱ्या-पिवळ्या भागात हरितद्रव्य नसतं, तो भाग आधी जातो. पन्नास टक्क्यांची शेडनेट लावल्यावर जगायला लागली. तुम्हाला डोक्यावर पारदर्शक पत्रा पाहिजे, आम्हाला जाळी.

कारखाना_रोड
मातीसाठी विचारतो. उद्यमबागेतल्या फाउंड्रीतली वापरलेली वाळू फुकट मिळते, काळी, एकसारखी. चालेल का?

परागकण
नको. साच्यासाठीच्या त्या वाळूत बेंटोनाइट माती आणि कोळशाची भुकटी मिसळलेली असते. बेंटोनाइट पाणी धरून फुगतं, म्हणजे आपल्याला नको तेच. काही साच्यांत रेझिनही असतं. जाडी वाळू, चाळलेला विटांचा चुरा आणि थोडं जुनं पानखत, एवढ्यावर भागतं. खानापूरकडची तांबडी जांभ्याची माती वापरायची तर त्यातले खडे घ्या, बारीक माती नको.

गच्चीवरची_टिळकवाडी
मूळ विषयावर: माझ्या क्रेस्टच्या खालच्या बाजूनं आता एक साधी, गोल फांदी फुटायला लागली आहे. चांगलं लक्षण की वाईट?

वडगावचा_माळी
काढा ती! लगेच. बोटाएवढी व्हायच्या आत. साधी फांदी क्रेस्टपेक्षा जोरात वाढते, सगळा रस ओढते, आणि वर्ष-दोन वर्षांत क्रेस्ट मागे पडतो. ब्लेड स्पिरिटनं पुसून बुडातून कापा, जखमेवर दालचिनी नाहीतर गंधकाची पूड, आणि जखम सुकेपर्यंत पाणी बंद.

हिरवळ
मला हे पटत नाही. झाड स्वतःहून सरळ व्हायला बघतंय आणि आपण दर वेळी कापायचं? त्याला हवं तसं वाढू द्यावं की.

वडगावचा_माळी
मग क्रेस्ट जाणार. ते पण चालतंय, पण मग क्रेस्ट कुठं गेला म्हणून धागा काढू नका.

परागकण
हिरवळ यांचं म्हणणं मला समजतं, पण एक बघा. ॲरिझोनातल्या वाळवंटात सग्वारोच्या डोक्यावर क्रेस्ट येतो, फारच क्वचित, आणि तो माणसाच्या मदतीशिवाय वर्षानुवर्षं उभा राहतो. म्हणजे हे रूप निसर्गाला वर्ज्य नाही. फरक असा की तिथं ते एका झाडाबरोबर जन्मतं आणि त्याच्याबरोबर संपतं. आपण ज्याला व्हरायटी म्हणून विकत घेतो, ती दर पिढीला कुणीतरी कापतं, कलम करतं, साधे फुटवे खुडतं म्हणून टिकते. व्हेरिगेटेडचंही तेच. तिथं हिरव्या आणि बिनहिरव्या पेशी शेजारी शेजारी नांदत असतात. पान लावून पिल्लं काढली तर पुष्कळदा निव्वळ हिरवी येतात, किंवा निव्वळ पांढरी, आणि पांढरी मरतात. झाडाचं रूप हवं तर खोडाचा तुकडा घ्या, ज्यात दोन्ही आहेत.

हिरवळ
ठीक आहे, मी मात्र माझ्या क्रासुलाला हात लावणार नाही. तिच्या नळीसारख्या पानांच्या गॉलम जातीवर एक साधं चपट्या पानांचं शेंडं आलंय, मला दोन्ही आवडतात.

अथणीचं_ऊन
कलमाबद्दल कुणीतरी नीट लिहा. आमच्या भागात ड्रॅगन फ्रूटच्या बागा झाल्यात, छाटणीच्या कांड्या बांधावर फेकून देतात. त्याच खुंट म्हणून चालतात असं ऐकलं.

वडगावचा_माळी
चालतात नव्हे, निम्म्या बाजारात त्याच असतात. लाल-पिवळा मून कॅक्टस बघा, खाली तीन धारांची हिरवी कांडी असते ती ड्रॅगन फ्रूटच्या घराण्यातलीच. वरच्या लाल गोळ्यात हरितद्रव्य नाही, खुंट नसेल तर उपाशी मरतो. ही लाल जात जपानमध्ये १९४० च्या आसपास रोपांतून निवडली गेली, आता मोठा व्यापार दक्षिण कोरियाचा.

पद्धत: कांडी मुळं धरून जोमात वाढायला लागलेली हवी, नुसती खोचलेली नको. फेब्रुवारी ते वळवाच्या आधीपर्यंतचा काळ उत्तम. धारदार ब्लेडनं खुंट सपाट कापायचा, मग तीन धारांचे कोपरे तिरपे तासायचे, नाहीतर सुकताना मधला भाग खोल जातो आणि वरचा तुकडा सुटतो. कापलेल्या तोंडावर मध्ये एक गोल कडं दिसतं, तीच रस वाहणारी वाट. खुंटाचं कडं आणि वरच्या तुकड्याचं कडं निदान एका ठिकाणी तरी एकावर एक आलंच पाहिजे. क्रेस्टला गोल कडं नसतं, लांबट पट्टा असतो, त्यामुळे उलट सोपं जातं, पट्टा आडवा टाकला की कुठंतरी भेटतोच. रबर बँडनं कुंडीसकट बांधा, सावलीत ठेवा, वरून पाणी नाही. आठवड्यानं रबर सोडा.

क्रेस्ट मुद्दाम उंच खुंटावर घेतात तो शोभेसाठी नव्हे. बूड रुंद असतं, मातीला टेकलं की कुजतं. विशेषतः जांबोटीवाल्यांनी उंच खुंटावरच घ्यावं.

चिकोडीचा_अण्णा
कुंपणाच्या थोरावर न्हाई का जमत? ते तर फुकटात हाय.

परागकण
कॅक्टस थोरावर नाही जमणार अण्णा. थोर युफोर्बियाचा, कॅक्टसचं कूळच वेगळं. दिसायला सारखे, पण कलम कुळाबाहेर धरत नाही. मात्र नर्सरीत कोरल कॅक्टस म्हणून जो पंखा मिळतो, तो कॅक्टस नाहीच. ती युफोर्बिया लॅक्टियाची क्रेस्ट, आणि ती आपल्या थोराच्याच, युफोर्बिया नेरीफोलियाच्या खुंटावर बांधलेली असते. ही जोडी इतकी रुळलेली आहे की वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या साइट्स करारात तिला नावानिशी सूट दिलेली आहे. तो पंखा सुकला आणि खालचा खुंट जिवंत असेल तर तुमचा थोर उपयोगी पडेल.

पण चीक! थोराचा चीक डोळ्यात गेला तर भयंकर आग होते, दिसायचं काही काळ बंदही होऊ शकतं. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय कापू नका. गेलाच तर भरपूर पाण्यानं धुवत राहा आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, बरं वाटलं तरी.

कारखाना_रोड
ऑनलाइन एका ठिकाणी निळ्या क्रेस्टेड कॅक्टसच्या बिया दिसताहेत, पाकीट स्वस्त आहे. घेऊ?

हिरवळ
वरचं सगळं वाचून हा प्रश्न?

वडगावचा_माळी
रागावू नका ओ त्यांच्यावर, सगळे फसतात. क्रेस्टच्या बिया मुळात विकण्यासारख्या नाहीत, सरांनी सांगितलंच. निळा-जांभळा तर स्प्रे असतो. नव्या वाढीचा शेंडा बघा, तो हिरवा असेल तर रंग मारलाय. मुंडीवर चिकटवलेली कागदी वाळकी फुलं असतात, ती पण गरम गोंदानं लावतात. घ्यायचंच तर झाड समोर बघून घ्या: क्रेस्टची कड ताजी, ओलसर हिरवी आहे का, जोडाशी काळं पडलंय का, आणि कुंडी हलवली तर वरचा भाग डुगडुगतो का.

जांबोटी_पाऊस
माझा मून कॅक्टस आहे, आधीच्या घरमालकांनी जाताना दिलेला. लाल गोळा टुणटुणीत, बाजूला दोन पिल्लं, पण खालची कांडी पिवळी पडून सुरकुतलीय आणि बुडाशी मऊ लागते. पाणी वाढवू?

वडगावचा_माळी
पाणी अजिबात नको, बूड कुजलंय. त्या कांडीचं आयुष्य तसं थोडंच असतं, आणि तुमच्याकडच्या गारठ्या दमट हवेत आणखी कमी. गोळा जोडापासून वर काप घेऊन मोकळा करा. आतला काप स्वच्छ हवा. तपकिरी ठिपका दिसला तर अजून एक पातळ चकती काढा, ठिपका जाईपर्यंत. मग दुसऱ्या खुंटावर लगेच बांधा, सुकू देऊ नका. पिल्लं वेगळी काढून त्यांचंही करा, म्हणजे एक गेलं तरी दुसरं राहील. खुंट आहे का तुमच्याकडे?

जांबोटी_पाऊस
नाही. अथणीवाले, कांड्या खरंच फेकून देतात का ओ?

अथणीचं_ऊन
फेकतात. रविवारी बेळगावला येणार आहे, मुळं फुटलेल्या चार-पाच आणतो. खडेबाजारला भेटू. टिळकवाडीच्या ताईंनाही हव्या असतील तर आताच सांगा, गाडीत जागा ठेवतो.

निपाणीची_माई
माझ्यासाठी पण दोन. आणि स्पिरिट फिरवलं ओ माळीदादा, चिरडलं तर पिवळंच निघालं.